चेअरमनबाईंची माफी

कागदावर स्पष्ट छापलं होतं, 'तुझ्या आईला'. मी म्हणाले, 'तुझ्या वडिलांना'. काचेपलीकडे कानसेनने हात वर करून रेकॉर्डिंग थांबवलं. कानसेन म्हणजे आमचा रेकॉर्डिस्ट. टक्कल पडलेला, बारा महिने सर्दी झालेला माणूस, पण शेजारच्या खोलीत कुणी आवंढा गिळला तरी त्याला ऐकू जातो, म्हणून हे नाव. "आईला, बाई, आईला," तो हेडफोनमधून म्हणाला. "त्या पोरीला वडील नाहीतच. पहिल्याच भागात त्यांच्या फोटोला हार लागलाय." मी मान डोलावली, पाण्याचा घोट घेतला. पडद्यावर चेअरमनबाई पुन्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी ओठ उघडले आणि मी पुन्हा म्हणाले, 'तुझ्या वडिलांना'. त्यानंतर मात्र मी कागदावर बोट ठेवून नीट 'आईला' म्हणाले. शब्द बरोबर आले, ओठ ओठांवर बसले, पण आवाज चेअरमनबाईंचा लागला नाही. कुणा भलत्याच बाईचा लागला, चौकशीच्या खिडकीत बसून 'पुढच्या खिडकीवर विचारा' म्हणणाऱ्या बाईचा. कानसेनने नाक पुसलं. "घशात काही आलंय का?" त्याने विचारलं. घशात काहीच येत नव्हतं, तीच तर पंचाईत होती. शेवटचा भाग, शेवटचा प्रसंग, चेअरमनबाई त्या गरीब पोरीची माफी मागतात, आणि माझ्याकडे त्यांचे सगळे आवाज होते, फक्त हाच नव्हता. "उद्या करू," कानसेन म्हणाला आणि त्याने दिवा बंद केला.

आम्ही मराठीत आवाज देतोय ती ही मालिका म्हणजे कोरियातल्या एका टेकडीवरच्या शाळेची गोष्ट. शाळा कसली, काचेचा विमानतळच तो. तिथं फक्त बड्या बापांची मुलं शिकतात. शिकतात असं आपलं म्हणायचं, कारण सबंध मालिकेत मी एकाही पोराला गणित सोडवताना पाहिलेलं नाही. गाडीतून उतरायचं, कपाळावरचे केस मागे सारायचे, जिन्यात एकमेकांची वाट अडवायची आणि गच्चीवर जाऊन रडायचं, हा यांचा अभ्यासक्रम. सोळा-सतरा वर्षांची पोरं, पण कुणाच्या नाकावर पुटकुळी नाही, कुणाच्या गणवेशावर शाईचा डाग नाही, कुणाचा फुटलेला आवाज मध्येच चिरकत नाही. समोर भरलेली ताटं येतात आणि ही मंडळी दोन घास चिवडून उठतात. एवढं अन्न टाकून उठणाऱ्यांच्या दुःखावर माझा विश्वास बसत नाही. नायकाला मी लाडोबा म्हणते. लाडोबाचं दुःख असं की घरात त्याच्याशी कुणी बोलत नाही. अरे, मग तू बोल की! तोंड शिवलंय का तुझं? पण नाही, तो पावसाची वाट बघतो, आणि पाऊसही असा आज्ञाधारक, की लाडोबाने उंबऱ्याबाहेर पाय टाकला रे टाकला की सुरू. मग तो शिष्यवृत्तीवर आलेल्या त्या पोरीचं मनगट धरतो आणि तिला ओढत नेतो. तुला कुठं जायचंय, एवढंही विचारत नाही. आणि जिची आई त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासते, ती ही पोरगी मनगट चोळत त्याच्याकडे अशी बघते, जणू त्याने तिला बुडताना वाचवलं. त्या वेळी पडद्यात हात घालून दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटते मला. श्रीमंतांची पोरं रडली की मागे गाणं लागतं, गरिबांची रडली की श्रीमंतांच्या पोरांना पाझर फुटतो, संपली गोष्ट. आणि आमच्या लिफ्टमधल्या शाळकरी पोरी लाडोबाचा फोटो मोबाइलच्या पाठीला चिकटवून हिंडतात. कुणी विचारलं तर मी 'छान आहे मालिका' म्हणते, कारण माझं पोट तिच्यावर आहे.

चेअरमनबाई म्हणजे लाडोबाची आई. आमच्या खोलीत प्रत्येक जण एकटा उभा राहून आपापली वाक्यं बोलून जातो. समोरच्याचा आवाज कानात असतो तो त्यांच्या भाषेतला, त्यामुळे भांडायचं तेही परक्याशी आणि रडायचं तेही परक्याच्या गळ्यात पडून. माणसाचे ओठ कुठे मिटतात ते बघून आपला शब्द शोधायचा. पडद्यावर ओठ मिटले की आपल्या तोंडात प, ब, म यांपैकी काहीतरी हवं, नाहीतर बाई बोलते आणि तोंड चघळतं असं दिसतं. या धंद्यात इतकी वर्षं काढली की घरीदारी लोकांचे ओठच दिसायला लागतात, डोळे दिसेनासे होतात. नवरा काहीतरी सांगत असतो आणि मी मनात त्याच्या तोंडात दुसरी वाक्यं बसवून बघत असते. बहुतेक वेळा माझी बरी असतात. तर पहिल्या दिवशी चेअरमनबाई पडद्यावर आल्या, लांबलचक टेबलाच्या टोकाला एकट्या बसलेल्या, पाठ ताठ, हात मांडीवर. त्यांनी समोर उभ्या असलेल्या भांडेवाल्या बाईकडे पाहिलं आणि ओठ उघडले. कानसेनने विचारलं, "कुठला आवाज लावताय?" मी म्हणाले, "बघू." आणि काही न ठरवता, काही न शोधता माझ्या तोंडून सासूबाई बोलल्या. तोच घट्ट आवाज, वाक्य संपल्यावरची तीच थांबणूक, ज्या थांबणुकीत समोरच्याने आपली लायकी मोजून घ्यायची. कानसेन खुर्चीत पुढे झाला. "हा ठेवा," तो म्हणाला. "हा कुठून आणलात?" मी म्हणाले, घरचाच आहे.

घरचाच म्हणजे लग्न होऊन आल्यापासून रोज कानावर पडलेला. सासूबाईंनी मला कधी शिवी दिली नाही, हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. शेजाऱ्यांना सांगायला जावं तर सांगण्यासारखं काहीच नाही, अशा बेताने त्या वागल्या. मी तेव्हा नाटकात लहानसहान कामं करायची. घरी पाहुणे आले की त्या म्हणायच्या, "आमची सून आवाजाचं काम करते. चेहऱ्याचं काही जमलं नाही." आणि थांबायच्या. पाहुणे कपात बघायचे. मी आत जाऊन फडका पिळायची, कोरडा असला तरी पिळायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, तू मनाला फार लावून घेतेस, तिच्या बोलण्याचं काय एवढं. त्याचं बरोबर होतं, त्याच्याशी त्या आई मुलाशी बोलते तशा बोलायच्या. माणसाला दोन आवाज असतात हे ज्याला एकच ऐकू येतो त्याला कसं पटावं.

आणि बाबा. माझे बाबा कुलपं-किल्ल्या करायचे. कुठेही गेले तरी आधी दार बघायचे, मग माणसं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी ते पहिल्यांदा या घरी आले. इस्त्री केलेला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, हातात फळांची पिशवी. बेल वाजली, सासूबाईंनी दार उघडलं, मी मागे उभी. बाबा हसले, नमस्कार केला आणि सवयीने त्यांचा हात कडीवर गेला. "ही सैल झालीय जरा," ते म्हणाले. "बसवून देऊ का? आत्ता होईल." सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या. आमच्याकडे त्याला माणूस येतो." आणि थांबल्या. या म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. दार तेवढंच उघडं, त्यांच्या अंगाएवढं. बाबा त्या थांबणुकीत उभे राहिले आणि मग पायपुसण्यावर पाय पुसायला लागले. नीट, एक एक करून, दोन्ही पाय पुसले. आत यायचंच नव्हतं, तरी पुसले. मग म्हणाले, "बरं, मी जरा घाईतच होतो," आणि पिशवी माझ्याकडे देऊन जिना उतरले. त्यानंतर ते कधी वर आले नाहीत. खाली बसस्टॉपवर भेटायचे. पाऊस असो, ऊन असो, बाकावर बसून मला विचारायचे, सगळी बरी आहेत ना घरी. मी काही बोलले तर म्हणायचे, अगं, मोठ्या घरच्या बाईची पद्धत असते ती. ते गेले तेव्हा सासूबाईंनी सांत्वनाला आलेल्या लोकांना चहा दिला आणि त्यांच्याबद्दल एक चांगला शब्दही बोलल्या. तो मला आजही आठवत नाही, कारण मी त्यांच्या तोंडून दुसऱ्याच शब्दाची वाट बघत होते. अजून बघते आहे. मला या बाईकडून एकदा, फक्त एकदा ऐकायचं आहे की चुकलं. बाकी मला त्यांच्याकडून काही नको, कधी नकोच होतं.

म्हणून मालिका सुरू झाली तेव्हा मला आसुरी आनंद झाला. सासूबाईंच्या डोळ्यांमागचा पडदा काही वर्षांपूर्वी निकामी झाला. आता त्यांना उजेड कुठून येतो तेवढं कळतं. पण कान शाबूत. दुपारी जेवण झालं की त्या टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि मान किंचित कलती करून ऐकतात. मी शेजारी सफरचंदाच्या फोडी करून द्यायला बसते, आणि पडद्यावर त्यांचाच आवाज त्या भांडेवालीला सांगतो, "तुमच्या मुलीला समजवा. काचेला हात लावला की डाग आपल्या बोटांचे पडतात." मला वाटलं होतं त्या ऐकतील, दचकतील. ओळखतील. स्वतःला असं चार भिंतींच्या आत दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कुणालाही आपली लाज वाटेल, अशी माझी भाबडी समजूत. सासूबाईंनी पहिला भाग संपल्यावर फोड तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "यांच्यात ही एकच बाई धड बोलते. बाकी नुसती रडारड." त्या दिवसापासून त्या चेअरमनबाईंच्या बाजूने. लाडोबाला त्या 'नेभळट' म्हणतात, शिष्यवृत्तीवाल्या पोरीला 'चिकटू'. चेअरमनबाईंनी कुणाला दारातून परत पाठवलं की खुर्चीच्या हातावर बोटं वाजवतात. मी घरात सूड म्हणून आणलेली गोष्ट त्यांनी करमणूक म्हणून वाटीत घेऊन खाल्ली. भाग चालू असताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसते, त्यांचे ओठ कुठे मिटतात ते बघते. त्या मात्र स्वस्थ असतात.

त्या दिवशी कानसेनने दिवा बंद केल्यावर मी घरी आले तेव्हा दुपारच्या भागाची सुरुवात व्हायची होती. जाहिराती चालल्या होत्या. मी पर्स खुंटीला लावली, हात धुतले, सुरी आणि ताटली घेऊन बसले. "लवकर आलीस," सासूबाई म्हणाल्या. मी म्हणाले, काम अडलं. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. इतकी वर्षं त्यांनी माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

"काय अडलं?"

"शेवटच्या भागात चेअरमनबाई माफी मागतात. ते वाक्य येत नाहीये मला."

"कोण, ही?" त्यांनी टीव्हीच्या दिशेला हात केला. "ही माफी मागणार? मग बिघडवलीच म्हणायची मालिका."

"लिहिलंय तसं."

"लिहिणाऱ्याला काय जातं," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ जाहिरात ऐकत राहिल्या, आणि त्याच सुरात, जाहिरातीबद्दलच बोलावं तशा म्हणाल्या, "आणि आवाज तरी कुठला येणार तुला? माझ्या आवाजात बोलतेस. माझ्याकडून जेवढं ऐकलंस तेवढंच येणार."

सुरी माझ्या हातात होती. मी ती ताटलीत ठेवली. मला वाटलं होतं असा क्षण आला तर मी जिंकलेली असेन. माझे कान तापले आणि चोरी पकडल्यासारखी मीच खाली बघायला लागले, तेही ज्यांना दिसत नाही त्यांच्यासमोर. "तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं. "पहिल्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "आंधळी झालेय मी, बहिरी नाही. फक्त तू आवाज चढवतेस. त्या भांडेवालीला बोललीस तेव्हा चढवलास, मुलाला बोललीस तेव्हाही. मी कधी चढवला नाही. चढवला की बोलणारी खालची वाटते." त्यांनी हात पुढे केला, मी त्यावर फोड ठेवली. त्या फोड खाईपर्यंत मी थांबले, का थांबले देव जाणे. त्यांच्यावर इतका राग आला होता की डोळ्यांसमोरची भिंत थरथरत होती, आणि त्या रागाच्या मधोमध एक निर्लज्ज कारागीर बाई बसून म्हणत होती, खरं आहे, चढवतो आपण, पहिल्या भागापासून चढवतो.

"आई," मी म्हणाले, "मग तुम्हीच म्हणून दाखवा ते वाक्य."

"मी?"

"माझ्याकडे नाही तो आवाज. तुमच्याकडे असेल तर द्या."

मालिका सुरू झाली होती. शीर्षकाचं ते गाणं, ती पोरं गाड्यांतून उतरायला लागली असणार. सासूबाईंनी चाचपडत रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. त्यांनी आजवर मालिकेचा आवाज कधी बंद केला नव्हता. "सांग," त्या म्हणाल्या. मी पर्समधला कागद काढला नाही, वाक्य मला पाठ होतं, आणि जे वाक्य पाठ होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. मी म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी दारात उभं ठेवलं. माझं चुकलं. मला माफ कर."

सासूबाईंचा चेहरा टीव्हीकडे होता. पडद्यावरचा उजेड त्यांच्या गालावर निळा-पांढरा होत होता. मला वाटलं, आता. आता बोलतील किंवा उठून जातील, दोन्हींपैकी काहीही झालं तरी झालं म्हणता येईल. त्या म्हणाल्या, "त्या पोरीला वडील कुठे आहेत? आई ना ती, भांडी घासणारी?"

"आईच," मी म्हणाले.

"मग आई म्हण." त्यांनी शाल सारखी केली, पाठ ताठ केली, हात मांडीवर घेतले. समोर कुणी उभं आहे अशी मान थोडी वर केली. आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला मी दारात उभं ठेवलं." थांबल्या. ती त्यांची नेहमीची थांबणूक नव्हती. त्या थांबणुकीत समोरच्याने काही करायचं नव्हतं, त्या स्वतःच कशाच्या तरी पुढे उभ्या राहून दार उघडायची वाट बघत होत्या. मग अगदी साध्या आवाजात, दूध नासलं म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात, "माझं चुकलं." आणि 'मला' गाळून, ओठ मिटून, जरा वेळ मिटलेले ठेवून, "माफ कर." मी तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला, कानसेन करतो तसाच. "असं म्हण. आणि हे तिचं आहे हं, त्या बाईचं. माझं नाही." त्यांनी रिमोट घेऊन आवाज सुरू केला. चेअरमनबाई कुणाला तरी परत पाठवत होत्या, माझ्या चढवलेल्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले, हेडफोन लावला, दिवा लागला. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर आल्या. त्यांच्या भाषेतही माफीचा शब्द म-नेच सुरू होतो. त्यांचे ओठ मिटले, माझेही मिटले आणि जरा वेळ मिटलेले राहिले. एकदाच म्हटलं. 'आईला' नीट आलं, अडखळले नाही. कानसेनने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, चष्मा पुसला, मग पुन्हा हेडफोन लावून म्हणाला, "बाई, हे एवढ्या दिवसांत कुठे होतं?" मी म्हणाले, पाणी मिळेल का. आयुष्यभर आवाजाचं काम केलं, पण त्या एका वाक्याइतकं चांगलं मी काही बोलले नव्हते, आणि त्यातला एक श्वाससुद्धा माझा नव्हता. घरी जाताना मी बसमध्ये बसले नाही, चालत गेले, आणि चालताना सगळ्या रस्त्यात मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते. वाक्य दिलं, आणि देता देता वडील काढून घेतले. भिकाऱ्याला ताट वाढून त्यातली भाकरी उचलावी, तसं. पण ती थांबणूक? ती कुठून आली होती? जे माणूस कधी एकदाही माफी मागत नाही त्याला माफीआधीची थांबणूक इतकी अचूक कशी माहीत असते? नाटकवाली मी, तालमी मी केल्या; आणि तालीम न करता असं वाक्य येत नाही हे मला जितकं कळतं तितकं दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. म्हणजे त्यांनी ते कधीतरी एकटीने म्हणून पाहिलं असलं पाहिजे. मला तो विचार नको होता. मी तो झटकला, कारण त्याने माझा राग पातळ व्हायला लागला आणि राग पातळ झाल्यावर माझ्याकडे बाबांचं असं काय राहिलं असतं.

शेवटचा भाग लागला तेव्हा मी मुद्दाम घरी राहिले. नवऱ्याने सकाळी निघताना विचारलं, दोघी मिळून बघणार वाटतं, आणि त्याला बरं वाटलं. दुपारी सासूबाई नेहमीच्या खुर्चीत, मी शेजारी. मालिकेने शेवटी जी व्हायची ती सगळी घाण केलीच. लाडोबाला बापाने जवळ घेतलं, वाईट पोरं एका भागात चांगली झाली, बर्फ पडला, आणि ज्या शाळेने पोरीला वर्षभर छळलं त्याच शाळेच्या गच्चीवर ती हसत उभी. कुणालाच कशाचीच किंमत द्यावी लागली नाही. मग जिना आला. सासूबाईंनी चघळणं थांबवलं. त्यांचा आवाज खोलीत आला, माझ्या गळ्यातून, टीव्हीतून, "तुझ्या आईला मी दारात उभं ठेवलं." ती थांबणूक. "माझं चुकलं." ओठ मिटले. "माफ कर." सासूबाई ऐकत होत्या. त्यांचा अंगठा शालीच्या काठावर पुढे-मागे फिरत होता, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लगेच, अगदी लगेच, ती पोरगी धावत जिना चढली आणि चेअरमनबाईंच्या गळ्यात पडून म्हणाली, "मी तुम्हाला केव्हाच माफ केलं." पोरीचा आवाज दुसऱ्या एका मुलीचा, गोड, तिने तिची वाक्यं कधीतरी एकटीने येऊन बोलून ठेवली होती, आम्ही दोघी एकमेकींना भेटलोही नव्हतो. व्हायोलिनं वाजायला लागली आणि दोघी रडल्या. मला शिसारी आली.

"पोरीने फार लवकर माफ केलं," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. डोळे माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी होते, पण तोंड नेमकं माझ्याकडे. "तू नसतंस केलं."

मला खोटं बोलता आलं असतं. आवाज लावणं हाच माझा धंदा, एक गोड आवाज काढून 'असं काय बोलता, आई' म्हणणं मला जड नव्हतं. टीव्हीवरचं गाणं संपत आलं होतं. मला बाबा दिसले, पायपुसण्यावर पाय पुसताना. "नाही," मी म्हणाले. "नसतंच केलं."

सासूबाईंनी मान हलवली. राग नव्हता, दुखावल्यासारखंही काही नव्हतं. बराच हिशेब जुळल्यावर माणूस हलवतो तशी हलवली. आणि न चढवलेल्या, त्यांच्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "म्हणून तर कधी मागितली नाही."